हणमंतच्या मानेची नऊ वर्षं

सोमवार म्हणजे रामटेक्यांच्या घरी दाढीचा दिवस. खिडकीशी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत हणमंत, गळ्याभोवती जुना टॉवेल आणि समोर साबणाचा मग घेऊन उभी द्रौपदी. चौदा महिन्यांपूर्वी हणमंतला लकवा मारून गेला. उजवा हात गेला. गेला म्हणजे आहे तिथेच, खांद्याला लटकलेला, पण ओळख नसल्यासारखा. आणि त्या हातासोबत बोलणंही अर्धंअधिक गेलं. डोक्यात वाक्य चांगलं अख्खं तयार होतं, पण जिभेवर येईस्तोवर त्याचे तुकडे होतात, आणि तुकड्यांतले निम्मे वाटेतच राहतात.

"मान वर करा. अजून. पंख्यात काय पाहून राहिले? पंखा काही पळून जात नाही."

हणमंतने मान वर केली. जबड्याखाली, डाव्या बाजूला, रुपयाएवढा भाजल्याचा डाग होता. कधीकाळी तापलेल्या काचेचा थेंब उडून बसला होता तिथे. त्या डागावर केस उगवत नाहीत. द्रौपदी वस्तरा त्याच्याभोवतीनं असा नेते, की जणू रस्त्यात मध्येच कुणाची चूल मांडलेली आहे.

मुलगी रूपाली डबा भरत होती. ती वीज खात्याच्या कचेरीत कारकून. लहानपणापासून मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतूनच येतं.

"पापा, गुरुवार की छुट्टी ले ली है मैंने। पर डॉक्टर साहब फिर वही पूछेंगे।"

काय पूछेंगे ते तिघांनाही पाठ होतं. हणमंतच्या मानेतली डावी रक्तवाहिनी बंद पडली, म्हणून तो झटका आला आणि उजवा हात गेला. आता उजवीही साठ टक्के भरलेली निघाली. ती कापून साफ करायची की नुसत्या गोळ्यांवर ठेवायची, हे गुरुवारी ठरायचं होतं. डॉक्टरांनी हाताची बोटं मोजून सांगितलं होतं: हा थर जर जुना असेल, वर्षानुवर्षं तेवढाच बसून असेल, तर हात लावू नये, कारण कापतानाच दुसरा झटका येऊ शकतो. पण जर तो भरभर वाढलेला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही. तेव्हा जुना रिपोर्ट आणा. दोन वर्षांपूर्वीचा, चार वर्षांपूर्वीचा, काहीही.

जुना रिपोर्ट नव्हताच. झटक्याआधी हणमंत जन्मात कधी डॉक्टरकडे गेलाच नव्हता.

"डावा हात तरी राहू दे बा," द्रौपदी स्वतःशीच म्हणाली, आणि वस्तरा पाण्यात बुडवला. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर साबण होता. तेवढ्यात दार वाजलं.

"दूधवाला असेल, रूपाली, बघ."

दूधवाला नव्हता. दारात हणमंतचे जुने साहेब, डॉक्टर जगदीश परचुरे उभे होते. एका हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. मागे गल्लीत त्यांची पांढरी गाडी नालीच्या कडेला तिरकी उभी.

"अरे हणमंता! दाढी चाललीये? चालू दे, चालू दे! वहिनी, तुम्ही थांबू नका माझ्यासाठी."

हणमंत खुर्चीतून उठायला गेला. पंचवीस वर्षांची सवय होती ती. सर खोलीत आले की उठायचं. उजवा पाय लवकर ऐकत नाही, म्हणून तो अर्धा उठून तसाच वाकडा राहिला, आणि द्रौपदीनं त्याला खांद्याला धरून परत बसवलं.

सर लकव्यानंतर पहिल्यांदाच येत होते. दवाखान्यात त्यांनी फळं पाठवली होती, आपल्या शिपायाबरोबर.

हा हणमंत भंडाऱ्याकडचा. आयटीआय करून विशीत लखनौला आला, एका संशोधन संस्थेत काचकामाला लागला. तिथे शास्त्रज्ञांना लागतील तशा नळ्या, कुप्या, वळणं तो फुंकून द्यायचा. गॅसच्या ज्योतीत काचेची नळी दोन्ही हातांनी सारख्या वेगानं फिरवत राहायची. एक हात जरा मागे राहिला की नळी पिळली जाते. तोंडात रबरी नळी धरायची आणि तिच्यातून मोजून फुंकर घालायची. हे काम शिकून येत नाही, बोटांत यावं लागतं, आणि हणमंतच्या बोटांत ते आलं होतं. साहेब लोक म्हणायचे, रामटेकेजी की फूँक में जादू है. जादूबिदू काही नव्हती. तो सिगरेट ओढत नव्हता आणि घाई करत नव्हता, एवढंच.

परचुरे सर पुण्याहून आले, आणि त्यांनी हणमंतकडून मानेतल्या धमनीचा काचेचा नमुना मागितला. मानेत एक मोठी रक्तवाहिनी वर चढते आणि जबड्याखाली तिला दोन फाटे फुटतात. एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. फाटे फुटायच्या जागी ती थोडी फुगीर असते. तो फुगीरपणा काचेत आणायला हणमंतला सात आठवडे लागले. पहिल्या तुकड्याच्या भिंतीत मोहरीएवढा बुडबुडा राहिला, म्हणून सरांनी तो बाद केला. हणमंतने रीतसर गेटपास घेऊन तो घरी आणला आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. घरात त्याला 'फाटा' म्हणतात. द्रौपदीनं एकदा त्यात गुलाब खोचला होता, तर हणमंत दोन दिवस बोलला नाही तिच्याशी.

पुढचे फाटे निर्दोष झाले. सर त्यांच्यातून पंपानं पाणी सोडायचे, नाडीसारखं ठेक्यात, आणि मध्येच लाल शाई. एका दुपारी हणमंत नळी धुवायला थांबला होता. शाई वाहून गेली, नळी स्वच्छ झाली, पण फुगीर भागाच्या बाहेरच्या भिंतीशी एक लाल रेघ रेंगाळत राहिली. वाहून जाईना, मागे येई, परत पुढे जाई.

"सर, इथे रंग बसून राहतो."

सर वाकून पाहायला लागले ते अर्धा तास उठले नाहीत. जगात इतरांनी हे आधी पाहिलेलं होतंच, पण त्यांच्या टेबलावर ते पहिल्यांदा हणमंतला दिसलं. मग सरांनी त्याला समजावून सांगितलं, आणि ते त्याला इतकं पटलं की घरी येऊन त्यानं वरणाच्या वाटीत बोट फिरवून द्रौपदीला समजावलं. रक्त जिथे जोरात आणि सरळ वाहतं, तिथे नळीचं अस्तर नीट राहतं. त्याच्या पेशी प्रवाहाच्या दिशेनं ओळीत झोपतात, एकमेकींना चिकटून. जिथे रक्त मंदावतं, उलटं फिरतं, मागेपुढे करतं, तिथे त्या पेशींना दिशाच कळत नाही. फटी पडतात, आणि रक्तातली चरबी त्या फटींतून आत जाऊन बसते. वर्षानुवर्षं. म्हणून थर सगळीकडे सारखा साचत नाही. फाट्याशी साचतो, बाहेरच्या भिंतीला.

"म्हणजे मोरीच्या कोपऱ्यासारखं," द्रौपदी म्हणाली होती.

"तसंच." हणमंतला बायकोचं फार कौतुक वाटलं होतं.

पुढे सरांना काचेवर भागेना. खऱ्या माना हव्या झाल्या. बाहेरची माणसं येईनात, तेव्हा संस्थेतलेच वीस जण नेमले. दरवर्षी जानेवारीत मानेवर थंडगार जेली लावून सोनोग्राफी. इंग्रजीत चार पानांचा फॉर्म होता. सरांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली, त्या जागी हणमंतनं सही केली. आणि दरवर्षी सर पडद्याकडे बघत खुशीत म्हणायचे, "हणमंता, तुझी मान म्हणजे सोनं आहे रे, सोनं!"

तो हे घरी येऊन सांगायचा. कागद कधी मिळाला नाही, पण कागद कशाला? एवढा मोठा माणूस दरवर्षी जातीनं मान तपासतो. काही असतं तर सांगितलं नसतं?

सातव्या वर्षी, जेवताना, त्याच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा उतरला. दुकानाचं शटर उतरावं तसा. चार-पाच मिनिटांनी आपोआप वर गेला. द्रौपदी म्हणाली, उठा, दवाखान्यात चला. तो म्हणाला, अगं महिनाही नाही झाला, सरांनी पाहिली ना मान. सोनं म्हणाले. द्रौपदी गप्प बसली. ते गप्प बसणं तिला अजून टोचतं. दर सोमवारी दाढी करताना टोचतं.

सर आता पलंगावर ऐसपैस बसले होते.

"कसा आहेस? छान दिसतोयस! वजन उतरलं, ते चांगलंच." सर मुदतवाढीची दोन वर्षं संपवून निवृत्त होत होते, आणि शनिवारी त्यांचा मोठा समारंभ होता. संस्थेच्या दालनात त्यांच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन कायमचं लागणार होतं. "आणि तू स्टेजवर हवास मला. शाल, श्रीफळ, सगळं. गाडी पाठवतो."

"चहा?" द्रौपदीनं विचारलं.

"नको नको, अजून चार ठिकाणी जायचंय. एक काम होतं फक्त." त्यांची नजर फळीवर गेली. "तो पहिला फाटा. बाकीचे गेले बघ सगळे, कुणी फोडला, कुणी हरवला. दालनाच्या मध्यभागी ठेवायचाय. जिथून सुरुवात झाली ती वस्तू! बुडबुडा आहे ना त्यात? उलट छान दिसेल."

हणमंतच्या डोक्यात वाक्य तयार झालं: सर, तो तुम्ही बाद केला होता. जिभेवर फक्त "बाद" आलं, आणि सरांनी मान डोलावली.

"बात? हो, मोठी बात आहेच ही!" त्यांनी पुस्तिका रूपालीच्या हातात दिली. "बघ गं. तुझ्या पपांचं केवढं योगदान आहे. वीस जणांपासून सुरू केलं आम्ही. कुणाची बदली झाली, कुणी मध्येच गोळ्या सुरू केल्या. गोळ्या सुरू झाल्या की तो माणूस अभ्यासातून बाद, आकडे बिघडतात ना. शेवटपर्यंत टिकला एकटा हणमंत. नऊ वर्षं! असं मटेरियल मिळत नाही."

रूपाली उभ्या उभ्या पानं उलटत होती. एका पानावर थांबली. मग तिनं पुस्तिका आईपुढे धरली.

पानावर एका मानेचा फोटो होता. चेहरा नव्हता, हनुवटीपासून खाली. मानेवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलेलं, आणि जबड्याखाली, डाव्या बाजूला, रुपयाएवढा डाग. शेजारी चढत जाणारी रेघ.

"काय लिहिलंय?" द्रौपदीनं विचारलं.

"लिखा है, स्वस्थ कर्मचारी, क्रमांक सात।" रूपालीचा आवाज सपाट होता. "पहले साल बाहरी दीवार की परत पौन मिलीमीटर। नौवें साल दो मिलीमीटर से ऊपर। काँच के मॉडल में जहाँ रंग रुकता था, ठीक उसी जगह।"

सर पुढे झुकले. "अगदी त्याच जागी! तेच तर सौंदर्य आहे त्याचं. काचेनं जे सांगितलं ते माणसाच्या मानेनं नऊ वर्षं, दरवर्षी, न चुकता…" आणि मग त्यांनी द्रौपदीचं तोंड पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला दिसत होतं," द्रौपदी म्हणाली.

"वहिनी, असं नसतं ते."

"पडद्यावर दिसत होतं. दरवर्षी वाढून राहिलं होतं. आणि तुम्ही सोनं म्हणत होते."

"हे बघा, मी काही वैद्यकीय डॉक्टर नाही. मी इलाज सांगू शकत नाही, तो गुन्हा होतो. आणि फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, वैयक्तिक निष्कर्ष कळवले जाणार नाहीत म्हणून. सही आहे त्याची. शिवाय सगळं क्रमांकांवर चालतं. नावं आम्ही बघतच नाही. क्रमांक सात कोण, हे मलाही सांगता येणार नाही."

"अभी तो आपने कहा, अकेले पापा टिके," रूपाली म्हणाली.

सर तिच्याकडे बघून हसले, मोठी माणसं परीक्षेत चुकलेल्या मुलांकडे बघून हसतात तसे. "बेटा, रिसर्च तुम्हारे ऑफिस की फ़ाइल नहीं है।"

द्रौपदीनं पुस्तिका घेतली. हणमंतची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि ते पान त्याच्या मानेशेजारी धरलं. एका बाजूला छापलेला डाग, एका बाजूला खरा, साबण लागलेला.

"आता आठवलं का, कोण ते?"

हणमंतच्या मानेवरून साबणाचं पाणी टॉवेलात उतरत होतं. त्याला पानावरची ती रेघ दिसत होती. त्याला इंग्रजी वाचता यायचं नाही, पण आलेख त्यानं सरांच्या टेबलावर खूप पाहिले होते. रेघ सातव्या टिंबाशी एकदम उभी चढली होती. सातवं वर्ष. शटरचं वर्ष. त्या जानेवारीत सरांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली होती, आणि त्याला वाटलं होतं, आपण सरांना आवडतो.

रूपालीनं अचानक विचारलं, "यह तो बायीं तरफ़ है। दाहिनी तरफ़ की नाप भी है?"

"अर्थात! दोन्ही बाजूंची, नऊच्या नऊ वर्षांची. अर्धवट काम मी करत नाही." सर सवयीनं बोलून गेले. मग सावरले. "पण ते सगळं संस्थेच्या ताब्यात. समितीकडे अर्ज करावा लागतो. चार-सहा महिने लागतात. आणि ते डॉक्टरला उपयोगी पडेल असं काही नाही त्यात."

"गुरुवारसाठी डॉक्टर तेच मागून राहिले," द्रौपदी म्हणाली. वस्तरा परत हातात कधी आला, ते तिलाच आठवत नव्हतं. "तेवढ्यावर अडलंय. कापायचं की नाही कापायचं. तुम्ही आमच्या घरात बसलात, सर, माझ्या पलंगावर, मिठाई घेऊन…"

"वहिनी, तुम्ही भावनेच्या भरात आहात. मी समजू शकतो." सर उठले, पँट झटकली. "हणमंता, तू तर समजूतदार आहेस. तुला माहितीये विज्ञान काय असतं. ह्या लोकांना समजावून सांग नीट. हं? चल, फाटा देतोस ना? गाडी चालू ठेवलीये."

हणमंत उठला. ह्या वेळी द्रौपदीनं त्याला धरलं नाही. तिला वाटलं, हा देणार. पंचवीस वर्षं सरांनी मागावं आणि ह्यानं द्यावं, असंच झालं. लकव्यानं हात नेला, बोलणं नेलं, पण ही खोड नाही नेली. तिला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की तिनं तोंड फिरवलं.

तो भिंतीला धरून फळीपाशी गेला. डाव्या हातानं फाटा उचलला. आत धूळ होती, म्हणून जुन्या सवयीनं नळीचं तोंड ओठांशी नेलं आणि फुंकर घातली. उजवी बाजू मिटत नाही. सगळी हवा ओठाच्या कोपऱ्यातून निसटून गेली, सोबत थोडी लाळ. धूळ हललीही नाही. सरांनी नम्रपणे खिडकीकडे पाहिलं.

मग हणमंतनं फाटा पुढे केला.

"शाब्बास!" सर म्हणाले, आणि त्यांनी वरचे दोन फाटे हातात घेतले.

हणमंतनं खालचं देठ सोडलं नाही.

सरांनी हलकेच ओढून पाहिलं आणि लगेच थांबले. काच त्यांनाही कळत होती. फाटे फुटतात त्या सांध्याशी ताण आला की असा तुकडा आवाजही न करता जातो. ओढता येईना. सोडून द्यावा तर तसाच परत जावं लागणार, आणि शनिवारी दालनाच्या मध्यभागी ठेवायला काही नाही. दोघं समोरासमोर उभे राहिले, मध्ये ती वीतभर काच, तिच्या भिंतीत मोहरीएवढा बुडबुडा. एकाच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्याच्या अर्ध्या गालावर साबण वाळून पांढरा झाला होता.

"हणमंता, फुटेल."

हणमंतनं मान हलवली. फुटेल, हे त्याला सगळ्यात आधी माहीत होतं. तो शब्द गोळा करत होता. घाई केली की ते पळतात, हे तो चौदा महिन्यांत शिकला होता. द्रौपदीनं तोंड परत वळवलं. रूपालीनं डबा खाली ठेवला. बाहेर गाडीवाल्यानं एकदा हॉर्न दिला आणि कुणीच तिकडे पाहिलं नाही.

"सर," तो म्हणाला. थांबला. गिळलं. "माझ्या मानेचे… कागद. उजव्या बाजूचे. नऊ वर्षांचे." परत थांबला, आणि उरलेलं नीट, एकेक करून मांडलं. "गुरुवारच्या आधी… मला द्या."